‘खाण्यातलाच फ्लेवर आहे’ म्हणजे ओढायलाही सुरक्षित? व्हेप आणि तंबाखूतल्या स्वादांची तपासणी कशी होते

मुंबई-पुण्यात व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटींचा, साठा पकडल्याच्या बातम्या आता अधूनमधून येतच असतात. फोटोत पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या रंगीत वस्तूंचा ढीग असतो आणि खोक्यांवर नावं असतात मँगो आइस, ब्लूबेरी, कॅपुचिनो. घरात कॉलेजात जाणारं कोणी असेल तर पुढचा संवादही बहुतेक घरांत सारखाच होतो. “अगं आई, यात तंबाखू नसतो. नुसता फ्लेवर असतो, आइस्क्रीममध्ये घालतात तोच.”

यातला ‘आइस्क्रीममधला तोच’ हा भाग बऱ्याचदा खरा असतो. व्हेपमधले बरेचसे स्वाद खरोखरच खाद्यपदार्थांच्या उद्योगातून आलेले आहेत आणि बाटलीवर ‘फूड ग्रेड’ असं छापलेलंही असतं. प्रश्न असा आहे की एखादा स्वाद सुरक्षित ठरवताना तो कोणत्या वाटेने शरीरात जाणार, किती तापणार आणि किती वेळ आत राहणार हे धरूनच तपासावं लागतं. ‘फूड ग्रेड’च्या शिक्क्यामागे फक्त एका वाटेची तपासणी आहे, तोंडातून पोटात जाणारी. फुप्फुसाबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही, आणि हे स्वाद बनवणारेच सांगतात.

आत नेमकं असतं काय?

व्हेपच्या द्रवात मुख्यतः चार गोष्टी असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन गोडसर, घट्टसर द्रव, निकोटिन, आणि स्वाद. बॅटरी एका बारीक तारेची गुंडाळी तापवते, तापमान शे-दोनशे अंशांच्या वर जातं आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत बाहेर येतात. या तरंगत्या थेंबांना एरोसॉल म्हणतात. आपण त्याला वाफ म्हणतो, पण चहाच्या वाफेत फक्त पाणी असतं, इथे द्रवातलं बहुतेक सगळंच थेंबाथेंबाने आत जातं.

‘आंबा’ किंवा ‘स्ट्रॉबेरी’ हे एक रसायन नसतं. अनेक रसायनं ठरावीक प्रमाणात मिसळून तो वास तयार होतो, आणि ते प्रमाण म्हणजे कंपनीचं गुपित. व्हॅनिलाच्या वासामागे व्हॅनिलीन असतं, चेरी-बदामाच्या मागे बेंझाल्डिहाइड, दालचिनीच्या मागे सिनॅमाल्डिहाइड, पुदिन्याच्या गारव्यामागे मेंथॉल.

तंबाखूतही स्वाद काही नवा नाही. जर्दा, किमाम, गुटखा, सुगंधी तंबाखू यांत वेलची, केवडा, गुलाब, पेपरमिंट पिढ्यानपिढ्या आहेत. हुक्क्याची तंबाखू काकवीत आणि फळांच्या स्वादात भिजवलेली असते. अलीकडे फिल्टरमध्ये दाबून फोडायची कॅप्सूल असलेल्या सिगारेटी पानटपरीवर सर्रास मिळतात.

‘फूड ग्रेड’चा शिक्का कुठून आला?

अमेरिकेत १९५८ साली खाद्यपदार्थांत वरून घातल्या जाणाऱ्या पदार्थांबाबत कायदा झाला. तज्ज्ञांच्या मते ठरलेल्या वापरासाठी सुरक्षित मानलेल्या पदार्थांना त्यात वेगळी वाट ठेवली गेली. त्यानंतर स्वाद बनवणाऱ्या कंपन्यांच्या तिथल्या संघटनेने तज्ज्ञांचं मंडळ नेमून अशा स्वादांची यादी करायला सुरुवात केली. जगभरचे बिस्किट, आइस्क्रीम, सरबत बनवणारे आजही ती यादी बघतात.

व्हेपचा धंदा वाढला आणि त्याच यादीचा हवाला दिला जाऊ लागला, तेव्हा या संघटनेने स्वतःच जाहीर केलं की आमचं मूल्यमापन खाण्यापुरतं आहे. ई-सिगारेटमधून श्वासावाटे घेतल्यास तो पदार्थ सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. इतकं स्पष्ट सांगूनही शिक्का बाटल्यांवर राहिलाच.

वाटेने एवढा फरक का पडावा, हे कळायला आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. भाजीत चार मिरच्या घातल्या तर आपण जिभेने हाय हाय करतो आणि जेवून उठतो. त्याच मिरच्या कडकडीत तेलाच्या फोडणीत पडल्या की बाहेरच्या खोलीत बसलेल्यालाही ठसका लागतो. मिरची तीच, प्रमाणही तेच.

पोटात गेलेली गोष्ट आतड्यातून शोषली गेली की आधी यकृताकडे जाते, आणि बरीचशी रसायनं तिथे मोडून निकामी केली जातात. फुप्फुसापाशी असा पहारेकरी नाही. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि त्याचं एकूण क्षेत्रफळ एखाद्या मध्यम फ्लॅटएवढं भरतं. तो पडदा प्राणवायू आत घेण्यासाठी बनला आहे. लोण्याचा वास, दालचिनीचा अर्क यांच्याशी त्याची कधी गाठ पडलेली नव्हती.

लोण्याच्या वासाने धडा दिला तो कारखाना

ताज्या लोण्याला आणि ताकाला जो मोहक वास येतो त्यात डायॲसिटिल नावाच्या रसायनाचा मोठा वाटा असतो. विरजणातले जिवाणूच ते तयार करतात. आपण ते आयुष्यभर खातो आणि काही बिघडत नाही. म्हणूनच ते ‘बटर फ्लेवर’ म्हणून खाद्य उद्योगात स्थिरावलं.

मे २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका डॉक्टरांनी आरोग्य खात्याला कळवलं की जॅस्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ आजार झालेला दिसतोय. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स असं त्याचं नाव. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिकांना व्रण पडून त्या आकसतात आणि कायमच्या बंद होत जातात. गेलेला श्वास परत येत नाही. त्यातले चार जण फुप्फुस बदलण्याच्या प्रतीक्षायादीत होते.

अमेरिकेची कामगार-आरोग्य संशोधन संस्था तपासाला गेली. मायक्रोवेव्हमध्ये फोडायचे पॉपकॉर्न बनवताना मोठ्या टाकीत सोयाबीनचं तेल तापवून त्यात मीठ, रंग आणि बटर फ्लेवर ओतला जाई. टाकीचं झाकण उघडलं की वाफारा थेट मिसळणाऱ्या माणसाच्या तोंडावर. हवेचे नमुने घेतले तेव्हा डायॲसिटिल सापडलं. ज्यांच्या वाट्याला ते जास्त आलं त्यांच्या फुप्फुसांची ताकद जास्त घटलेली होती. कामगारांमध्ये श्वासमार्ग अडण्याचं प्रमाण अपेक्षेच्या ३.३ पट निघालं. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आजाराला ‘पॉपकॉर्न लंग’ हे नाव चिकटलं. पुढे त्याच संस्थेने कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एक अब्ज भागांत डायॲसिटिलचे ५ भाग, यापलीकडे जाऊ नये अशी शिफारस केली.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. डायॲसिटिल बदनाम झाल्यावर उद्योगाने तसाच वास देणारं, रचनेने त्याचंच भावंड असलेलं २,३-पेंटेनडायोन वापरायला घेतलं. तेही खाण्यासाठी मान्य होतं. उंदरांना हुंगवून तपासलं तेव्हा इजा जवळपास तशीच. म्हणजे पहिल्या रसायनाने माणसं आजारी पाडून शिकवलेला धडा दुसऱ्या रसायनाच्या वेळी पुन्हा पहिल्या पानापासून वाचावा लागला.

आणि २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बाजारातले ५१ स्वादांचे व्हेप तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायॲसिटिल होतं. ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवात ते घालायला आता मनाई आहे.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. व्हेपमुळे पॉपकॉर्न लंगची लाट आल्याचं आजवर दिसलेलं नाही, आणि सिगारेटच्या धुरातही डायॲसिटिल भरपूर असतं. व्हॉट्सॲपवर ‘व्हेप ओढला की पॉपकॉर्न लंग होतोच’ असं फिरतं ते बरोबर नाही. जॅस्परमधून घ्यायचा मुद्दा वेगळा आहे. खाताना निर्धोक असलेली गोष्ट श्वासात जीवघेणी ठरू शकते, आणि ती हुंगवून तपासल्याशिवाय हे कळत नाही.

२०१९ मध्ये हेच पुन्हा घडलं, दुसऱ्या रसायनाच्या बाबतीत. अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण मुलं अचानक श्वास लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. संशयाची सुई व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर स्थिरावली. हे गोळ्यांत आणि त्वचेच्या क्रीममध्ये वर्षानुवर्षं वापरलं जाणारं तेलकट रसायन. गांजाच्या अर्काच्या चोरट्या व्हेपमध्ये ते द्रव दाट दिसावा म्हणून घातलं होतं. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तर ४८ जणांत ते सापडलं. हा स्वाद नव्हता, पण ‘गिळायला चालतं ना’ हा तर्क इथेही तोच होता.

मग तपासायचं कसं? आधी कागदावर

बाजारात हजारो स्वाद-रसायनं आहेत. प्रत्येकाची पूर्ण तपासणी करायची तर वर्षं आणि पैसा पुरणार नाही, म्हणून पहिली चाळणी कागदावर होते. रसायनाची रचना पाहायची, त्याच्या भावंडांबद्दल काय माहीत आहे ते बघायचं, एकसारख्या रचनेच्या स्वादांचे गट करून प्रत्येक गटातला सर्वांत संशयास्पद सदस्य पुढच्या चाचणीला पाठवायचा. पद्धत शहाणपणाची आहे. पण ज्या गटाबद्दल श्वासावाटेची माहितीच नाही तिथे ती आंधळी होते, आणि अशा जागा पुष्कळ आहेत.

मग यंत्राला व्हेप ओढायला लावतात

दुसरी पायरी रसायनशास्त्राची. नुसता द्रव तपासून भागत नाही, एरोसॉल तपासावा लागतो. त्यासाठी ओढणारं यंत्र असतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते दर ३० सेकंदांनी एक झुरका घेतं, झुरका ३ सेकंदांचा, ५५ मिलिलिटरचा. झुरक्याची हवा काचतंतूंच्या एका गोल, पांढऱ्या गाळणीतून जाते. ही गाळणी आधी वजन करून ठेवलेली असते. ठरलेले झुरके झाले की ती चिमट्याने काढून पुन्हा वजन करतात. जितकं वजन वाढलं तितका एरोसॉल अडकला. जे वायुरूप निसटून जाईल, म्हणजे फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं, ते पकडायला पुढे वेगळा सापळा लावलेला असतो.

मग गाळणी द्रावणात भिजवून, हलवून, त्यातला थेंबभर अर्क गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडतात. लांबच लांब, केसासारख्या बारीक नळीतून मिश्रण पुढे सरकतं आणि एकेक रसायन वेगवेगळ्या वेळी दुसऱ्या टोकाला पोहोचतं. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे तुकडे करून त्या तुकड्यांच्या वजनांचा नमुना घेतो आणि साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो. पडद्यावर शिखरांची रांग उमटते. ओळखीच्या शिखरांना नावं मिळतात.

अडचण बिनओळखीच्या शिखरांची. नेहमीच्या चाचणीत आधी यादी ठरवलेली असते आणि यंत्राला तेवढंच शोधायला सांगितलेलं असतं. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी यादी बाजूला ठेवून चार लोकप्रिय व्हेप तपासले, तेव्हा जवळपास दोन हजार रसायनांच्या खुणा दिसल्या आणि त्यातल्या बहुसंख्य खुणा ओळखता आल्या नाहीत. म्हणून ‘लॅब-टेस्टेड, हानिकारक रसायनं आढळली नाहीत’ हे वाक्य वाचताना पहिला प्रश्न पडला पाहिजे तो म्हणजे किती रसायनं शोधली होती?

झुरक्याचंही तसंच. यंत्र शिस्तीत ओढतं, माणूस ओढत नाही. द्रव संपत आलेला असताना जोरात ओढलं की तार कोरडी तापते आणि फॉर्माल्डिहाइडसारख्या विषारी अल्डिहाइडांचं प्रमाण एकदम उसळतं. सिगारेटच्या इतिहासात ही गोष्ट फार महागात पडली आहे. ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरला बारीक भोकं असत. यंत्र ओढताना त्यातून ताजी हवा मिसळे आणि टार, म्हणजे धुरातला चिकट काळा अंश, कमी नोंदवलं जाई, आणि माणसाच्या बोटांनी-ओठांनी ती भोकं झाकली जात. लाखो लोक त्या आकड्यावर विसंबून ओढत राहिले.

तापल्यावर आणि बाटलीत पडून असताना काय होतं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे घटकांची यादी कितीही प्रामाणिक असली तरी पुरत नाही.

व्हॅनिलीन, बेंझाल्डिहाइड, सिनॅमाल्डिहाइड ही अल्डिहाइड गटातली रसायनं. ती प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळून बाटली नुसती ठेवली, तरी दोघांची अभिक्रिया होते आणि ॲसिटल नावाची नवी संयुगं तयार होतात. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की काही स्वादांचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग असा बदलतो, तोही साध्या खोलीच्या तापमानाला. ही ॲसिटलं एरोसॉलमध्येही उतरतात, आणि श्वासमार्गातल्या झोंबणारी जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना मूळ स्वादापेक्षा जास्त डिवचतात. बाटलीवर त्यांचं नाव नसतं, कारण ती कोणी घातलेलीच नाहीत. कारखान्यातून निघालेल्या ताज्या द्रवाची तपासणी करून दिलेला दाखला सहा महिने दुकानात पडून असलेल्या बाटलीला लागू पडत नाही, तो यामुळेच.

गोडीसाठी घातलेल्या सुक्रालोजचं असंच. शुगर-फ्री म्हणून चहात चालणारं हे रसायन व्हेपच्या तारेवर तापलं की मोडतं आणि क्लोरीन असलेली घातक संयुगं तयार होतात.

पेशी, जिवाणू आणि उंदीर

रसायनं कळली, आता ती जिवंत पेशीला काय करतात हे पाहायचं. डीएनएला धोका आहे का, यासाठी सर्वांत प्रसिद्ध आहे ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेली चाचणी. तिच्यातल्या साल्मोनेला जिवाणूंत मुद्दाम एक खोट ठेवलेली असते. हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल त्यांना बनवता येत नाही, त्यामुळे ते बाहेरून दिलं नाही तर वाढ होत नाही. तपासायचं रसायन घातल्यावर बशीत अचानक वसाहती उगवू लागल्या, तर डीएनए बदलून ती खोट दुरुस्त झाली असा अर्थ. शरीरात गेल्यावर रसायन बदलतं म्हणून सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात.

चाचणी स्वस्त आणि उपयोगी आहे, पण स्वादांच्या बाबतीत एक पेच आहे. दालचिनी, लवंग यांचे अर्क जिवाणूंना मारतात. आपण लोणच्यात मसाले घालतो त्यामागे हाही एक फायदा आहे. बशीतले जिवाणू मेलेच तर वसाहती उगवणार नाहीत, आणि निकाल ‘काही आढळलं नाही’ असा वाचला जाऊ शकतो. म्हणून जिवाणू जिवंत होते का, हे आधी बघावं लागतं.

फुप्फुसासाठी आता आणखी चांगली सोय आहे. माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी एका सच्छिद्र पडद्यावर वाढवतात. खालून पोषक द्रव, वरून हवा, अगदी शरीरात असते तशी रचना. वरून एरोसॉल सोडला की पेशींवरच्या सूक्ष्म केसांचं काय होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. हे केस एका लयीत हलत कफ आणि धूळ घशाकडे ढकलत असतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की सिनॅमाल्डिहाइडने पेशीची ऊर्जा तुटते आणि ही लय मंदावते. पेशी मेलेली नसते. मेल्या-जगल्याचीच मोजदाद करणाऱ्या चाचणीत ती ‘ठीक’ म्हणून पास झाली असती.

शेवटी प्राणी. नव्वद दिवसांच्या चाचणीत उंदरांना रोज सहा तास, आठवड्यातून पाच दिवस, नळीतून नाकावाटे एरोसॉल देतात. पण उंदीर नाकानेच श्वास घेतो, आणि त्याचं नाक गाळणीसारखं काम करतं. विरघळणारं रसायन नाकातच अडकतं, खोल फुप्फुसात कमी पोहोचतं. माणूस व्हेप तोंडाने ओढतो. त्यामुळे उंदराच्या नाकात दिसलेली इजा ‘माणसात नाक मध्ये येतच नाही’ म्हणून बाजूला टाकली, तर फार मोठी चूक होते. माणसात तीच मात्रा पुढे खोल जाते.

“पण हा तर नैसर्गिक अर्क आहे”

पुदिन्याच्या तेलातच पुलेगोन नावाचं रसायन निसर्गतः असतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याने कर्करोग होतो असं दिसल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये कृत्रिम पुलेगोनला खाद्यपदार्थांतून काढलं. पुढच्याच वर्षी संशोधकांनी दाखवलं की पुदिना-मेंथॉलच्या व्हेपमध्ये आणि तोंडात धरायच्या तंबाखूत ते चिंता वाटावी एवढ्या प्रमाणात आहे. म्हणजे खाण्यातून काढलेली गोष्ट ओढण्याच्या आणि चघळण्याच्या मालात तशीच राहिली. रेणू झाडातून आला की कारखान्यातून, फुप्फुसाला फरक कळत नाही.

“सिगारेटपेक्षा तर कमीच ना?”

सिगारेट जळते, तिच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, आणि त्यातली अनेक विषं व्हेपमध्ये पुष्कळ कमी असतात. हे खरं आहे आणि लपवण्याचं कारण नाही. वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी ही तुलना अर्थपूर्ण आहे. पण मँगो आइस ओढणारी सतरा वर्षांची मुलगी सिगारेट सोडून तिकडे आलेली नसते. तिच्यासाठी तुलना स्वच्छ हवेशी करायची.

शिवाय सिगारेटशी तुलना हाच तपासणीचा निकष केला की काय होतं, ते युरोपने पाहिलं आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तंबाखूत वरून घातल्या जाणाऱ्या १५ पदार्थांची अग्रक्रमाने तपासणी करायला कंपन्यांना भाग पाडलं. त्या यादीत मेंथॉल, डायॲसिटिल, कोको तर होतेच, आपली मेथी आणि जेष्ठमधही होते. असा पदार्थ घातलेली आणि न घातलेली सिगारेट शेजारी ठेवून विषारीपणा मोजायचा, असा सोपा मार्ग वाटतो. युरोपच्या शास्त्रीय समितीने त्यालाच हरकत घेतली. मूळ धूरच इतका विषारी आहे की त्यावर पडलेली भर या चाचण्यांत दिसणारच नाही.

आणि मेंथॉल घातक ठरतो तो मुख्यतः त्याच्या कामामुळे. तो थंडाव्याची जाणीव करून देतो, घशाची जळजळ दाबतो, आणि नवशिक्याला खोल झुरका जमतो. डुकराच्या तोंडातल्या अस्तरावर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांत असंही दिसलं, की मेंथॉल असताना निकोटिन आणि तंबाखूतलं एक कर्करोगकारक रसायन अस्तरातून जास्त पार होतं. मेंथॉल एकटा तपासला असता तर हे कळलं नसतं. गालफडात पेपरमिंटवाली तंबाखू धरणाऱ्यांची संख्या आपल्याकडे किती आहे ते पाहता, ही चाचणी आपल्यासाठी व्हेपपेक्षा जास्त कामाची आहे.

“इतकी वर्षं लोक ओढताहेत, काही असतं तर दिसलं असतं”

व्हेप बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षं झाली आहेत. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० च्या सुमारास पक्का होऊ लागला, तोवर ती कित्येक दशकं ओढली जात होती. बारीक श्वासनलिकांचा आजार तर सुरुवातीला दम्यासारखाच वाटतो.

“भारतात बंदी आहे, मग तपासणीशी आपला काय संबंध?”

ई-सिगारेटवर आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याने बंदी आली. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठवणूक सगळंच गुन्हा. पहिल्यांदा पकडलं तर एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; नुसत्या साठवणुकीला शिक्षा याहून कमी. मला ही बंदी योग्य वाटते. पण बंदीच्या मालाची कुठेच नोंद नसते, हेही खरं. युरोपात व्हेप विकण्याआधी सहा महिने घटकांची माहिती द्यावी लागते. अमेरिकेत प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येक स्वादासाठी वेगळा अर्ज करून तो माल लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने योग्य आहे हे कंपनीलाच दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२० च्या मुदतीपर्यंत तिथे पासष्ट लाखांहून अधिक वस्तूंचे अर्ज आले आणि गोड-फळांच्या स्वादांचे बहुतेक नाकारले गेले. त्याविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने एकमताने अन्न व औषध प्रशासनाच्या बाजूने कौल दिला. नाकारलेलाच माल चोरट्या वाटेने कुठल्याही देशात पोहोचू शकतो. इथल्या कॉलेजबाहेर मिळणाऱ्या व्हेपची ना युरोपात नोंद असते, ना आपल्याकडे तपासणी.

दुसरं म्हणजे, आपल्याकडचे स्वाद प्रामुख्याने व्हेपमध्ये नाहीतच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखू वापरत होते, आणि त्यातले बहुतेक धूर न होणारी, चघळायची तंबाखू. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली ती अन्नसुरक्षा कायद्याखाली. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून असता कामा नये, हा त्यातला नियम. नंतर सुगंधी तंबाखूही बंदीत आली. पण पुडी पकडल्यावर सिद्ध करायचं असतं ते त्यात तंबाखू आहे एवढंच. तिच्यातल्या सुगंधात काय आहे हा प्रश्न त्या नियमातून निघत नाही.

तपासायची सोय अगदीच नाही असंही नाही. २०१९ पासून केंद्राने तंबाखू चाचणीसाठी नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी इथे प्रयोगशाळा उभ्या केल्या आहेत. निकोटिन, टार आणि कर्करोगकारक नायट्रोसामाइनं मोजायला लागणारी यंत्रं मूलतः तीच, जी मेंथॉल आणि पुलेगोन मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात भारत आहे. त्यातलं नववं कलम घटकांच्या चाचणीचं आणि दहावं ते जाहीर करण्याचं आहे. आपल्या २००३ च्या तंबाखू कायद्यातही पाकिटावर निकोटिन-टारचं प्रमाण छापण्याची तरतूद आहे.

अमेरिकेने २००९ मध्ये मेंथॉल सोडून सगळ्या स्वादांच्या सिगारेटी बंद केल्या, युरोपने मे २०२० मध्ये मेंथॉलही बंद केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तंबाखूचा माल बाजारातून काढण्याचा आपल्या नव्या अधिकारातला पहिला आदेश दिला, तो बिड्यांवर होता, आणि त्यात मेंथॉलच्या बिड्याही होत्या. कंपनीला पुरेशी माहिती देता आली नव्हती. आपल्याकडे कॅप्सूलवाली सिगारेट कायदेशीर आहे. तिच्या पाकिटाची ८५ टक्के जागा इशाऱ्याने व्यापलेली असते, आणि तो इशारा हवाच. दाबून फोडायच्या त्या थेंबात कोणती रसायनं आहेत, जळल्यावर त्यांचं काय होतं, हे कंपनीने कोणाला सांगावं असा नियम झाला तर काम सुरू करायला मुंबईतली प्रयोगशाळा हाताशी आहे.